बुद्ध्यांक ६६ आला, पण प्रश्न कोणत्या भाषेत विचारले होते?

दादा, तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाचा नऊ वर्षांचा. घर बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर, घरात बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची. बहीण-मेहुणे दरसाल दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. पहिली-दुसरीत लेकरू त्यांच्याबरोबर फडावर गेलं, दोन्ही वर्षं अर्धी शाळा बुडाली. यंदा तुम्ही त्याला तालुक्याच्या गावी स्वतःकडे ठेवून घेतलं आणि सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत घातलं. वर्गात तो बोलत नाही, वाचताना अडतो, आकडे उलटे लिहितो. शाळेच्या सांगण्यावरून तुम्ही मोठ्या शहरात जाऊन बुद्धिमापन चाचणी करून आणली. रिपोर्टवर लिहिलंय: बुद्ध्यांक ६६, सौम्य बौद्धिक अक्षमता. आता शाळा म्हणते, विशेष शाळेत न्या. आणि हेच लेकरू सुट्टीत तांड्यावर गेलं की शेरडं राखतं, किराण्याची उधारी तोंडपाठ सांगतं. तुम्ही विचारताय की तो खरंच मंद आहे का, बुद्ध्यांक वाढतो का, आणि शाळा बदलायची का.

मी लातूरला बावीस वर्षं चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणून काम करते. त्याआधारे सांगते की तुमच्या तीन प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या ६६ वर किती विसंबायचं? तो सुटला की पुढचे दोन सोपे होतात.

लेकराला मी पाहिलेलं नाही. त्यामुळे त्याला बौद्धिक अक्षमता आहे किंवा नाही, यातलं काहीच मी इथून ठरवू शकत नाही, आणि फोनवर रिपोर्ट पाहून तसं ठरवणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण रिपोर्ट कसा वाचायचा, कुठे शंका घ्यायची आणि कुठे घ्यायची नाही, हे नक्की सांगता येईल.

आधी हा आकडा काय असतो ते. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी तयार केली. सरकारला हवं होतं की शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं शोधता यावीत. बिने स्वतः बजावून सांगत होते की ही चाचणी म्हणजे बुद्धीची फूटपट्टी नव्हे, आणि बुद्धी जन्मभर एकाच मापाची राहते असं समजू नका. मदत शोधायला निघालेली ही चाचणी पुढे लोकांना बाजूला काढायलाही वापरली गेली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडे कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर ती बेतली. तिला बिने-कामत म्हणतात आणि ती आजही दवाखान्यांत वापरली जाते. दुसरी मालिन यांची, नागपुरात तयार झालेली. तिचे शाब्दिक आणि कृती असे दोन भाग असतात. तुमच्या रिपोर्टवर बहुधा यांतलंच एखादं नाव असेल.

या चाचण्यांत मुलाला मिळालेले गुण त्याच्या वयाच्या बाकीच्या मुलांशी ताडून पाहतात. सरासरी १०० धरतात. साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात आणि शंभरातली दोनेक ७० च्या खाली. म्हणजे ६६ हे किलो किंवा सेंटिमीटरसारखं माप नाही, रांगेतली जागा आहे. आणि रांग कोणाची, हा प्रश्न लगेच येतो: शाळेत रोज जाणाऱ्या, त्या भाषेत वाढलेल्या मुलांच्या रांगेत आपण फडावर दोन हंगाम काढलेलं गोरमाटी लेकरू उभं करतोय.

शिवाय कोणत्याही चाचणीत पाच-सहा गुणांची चूक धरावीच लागते. तेच लेकरू, तीच चाचणी, फक्त दिवस दुसरा असता तर आकडा ६० आला असता किंवा ७२ सुद्धा. बौद्धिक अक्षमतेसाठी धरतात ती सत्तरची रेघ या पल्ल्याच्या आतच येते. चांगल्या रिपोर्टमध्ये नुसता आकडा नसतो, हा पल्ला लिहिलेला असतो. तुमच्यात तो आहे का बघा.

आता भाषेकडे येते. इथे मी स्वतः एकदा चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. आठ वर्षांची एक मुलगी तांड्यावरून आजीबरोबर आली होती. खुर्चीवर बसली ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मी मराठीत विचारत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शब्दांचे अर्थ विचारले, गप्प. दोन गोष्टींत सारखं काय ते विचारलं, गप्प. ठोकळ्यांच्या वेळी हात बाहेर काढले, पण प्रत्येक ठोकळा ठेवताना माझ्याकडे बघायची. आकडा आला ६१. मी रिपोर्ट लिहायला घेतला. तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावर तिचा आवाज ऐकू आला. ती आजीला काहीतरी सांगत होती, न थांबता, हातवारे करून. आमच्याकडे एक मावशी होत्या, त्याही तांड्यावरच्याच. त्यांना विचारलं, काय सांगतेय? मावशी म्हणाल्या, लाल-पांढरे ठोकळे कसे होते, कोणत्या चित्राला किती लागले, बाईच्या हातात घड्याळ होतं, सगळं सांगतेय. आणि म्हणतेय, बाईला सगळी उत्तरं माहीत होती, तरी मलाच विचारत होती, म्हणून मी बोलले नाही.

ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस प्रश्न का विचारेल? तिच्या घरात मोठी माणसं असे प्रश्न विचारतच नाहीत. तिकडे प्रश्न म्हणजे ‘बाटी झाली का’, ‘शेरडं कुठं गेली’. सुशिक्षित घरात मात्र लेकरू दोन वर्षांचं असल्यापासून ‘सांग बरं, हा रंग कोणता?’ सुरू होतं. चाचणी द्यायची म्हणजे आधी हा खेळ माहीत असावा लागतो. तो रिपोर्ट मी दिला नाही. काही महिने तिला अधूनमधून बोलावलं, ओळख होऊ दिली, आणि वर्षभराने मावशींना शेजारी बसवून सूचना गोरमाटीत देत पुन्हा चाचणी घेतली. ८४ आले. अशा रीतीने घेतलेल्या चाचणीचा आकडाही पूर्ण नियमात बसत नाही, मी तसं रिपोर्टमध्ये लिहिलंही होतं. पण ६१ आणि ८४ मध्ये एका मुलीच्या आयुष्याचा फरक होता, आणि त्या दिवशी मावशी रजेवर असत्या तर मला तो कळलाच नसता.

हे माझ्या एकटीच्या अनुभवापुरतं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजी चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं. पालक कोर्टात गेले. मुलांची चाचणी स्पॅनिशमधून पुन्हा घेतली तर बहुतेकांचे गुण त्या रेघेच्या वर आले. १९७० मध्ये तडजोड होऊन ठरलं की मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेत घ्यायची.

तुम्ही म्हणाल, माझा भाचा मराठी बोलतो की. बोलत असेलच. गल्लीत खेळण्यापुरती नवी भाषा लेकरू दोनेक वर्षांत उचलतं. पण पुस्तकातली भाषा, ‘कारण’, ‘फरक’, ‘म्हणजे काय’ अशी विचार मांडायची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. कॅनडातले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे मांडलं, आणि बाहेरून आलेल्या मुलांच्या बुद्धिमापनाचे शेकडो रिपोर्ट तपासून दाखवलं की मुलगा बोलायला चुणचुणीत आहे म्हणून तपासणारे भाषेचा प्रश्नच सोडून देतात आणि दोष बुद्धीवर ढकलतात. तुमच्या भाच्याच्या बाबतीत तर घरात गोरमाटी, गल्लीत आपली मराठवाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि गणित-विज्ञानाला इंग्रजी. चार भाषांचा जू एका वर्षात मानेवर आलाय.

भाषा म्हणजे विचार नव्हे, हेही लक्षात घ्या. शब्द नसले तरी लेकरू विचार करतंच. शेरडू वाट चुकलं तर कुठे गेलं असेल याचा अंदाज ते शब्दांवाचून बांधतं. पण शाळेतला विचार एका विशिष्ट साच्यातला असतो, आणि चाचणी तोच साचा तपासते. एक नमुना देते. खऱ्या चाचणीतले प्रश्न मी उघड लिहिणार नाही, कारण ते फुटले की चाचणी निकामी होते, म्हणून माझाच एक. मी मुलांना विचारते, कापूस आणि तूर यांत सारखं काय? शाळेतलं उत्तर: दोन्ही पिकं आहेत. शेतात वाढलेल्या मुलांकडून मला कैक वेळा आलेलं उत्तर: ‘कापसात तूर लावतेत.’ चार ओळी कापसाच्या, एक तुरीची, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उत्तर चूक नाही, उलट शेताच्या दृष्टीनं तेच जास्त उपयोगाचं. पण चाचणीच्या चावीप्रमाणे त्याला शून्य किंवा अर्धे गुण.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी सांगितलं, उत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या तिकडेच आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? एकाचं उत्तर असं होतं की मी काळं अस्वल पाहिलंय, बाकीची पाहिली नाहीत, मग कसं सांगू? थोडं शिकलेल्यांना मात्र ते लगेच सांगता येई. पुढे आफ्रिकेत लायबेरियातल्या केपेले शेतकऱ्यांबाबत असंच झालं. वस्तूंचे गट करा म्हटलं की ते सुरी आणि संत्रं एकत्र ठेवत, कारण सुरीनं संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच करेल, म्हणत. शेवटी विचारलं, मग मूर्ख माणूस कसं करेल? त्याबरोबर त्यांनी फळं एकीकडे, अवजारं एकीकडे असे अगदी शाळेत हवे तसे गट लावून दाखवले. क्षमता होतीच, प्रश्नात काय अपेक्षित आहे ते त्यांना वेगळं वाटत होतं. मुलांची उत्तरं तपासताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

उधारीचा हिशोब तोंडी येतो आणि वहीत बेरीज चुकते, याचं तुम्हाला कोडं पडलंय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर केले. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. अलीकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांतही तसंच चित्र दिसलं, आणि उलटही: शाळेतल्या मुलांना कागदावर येतं ते बाजारात जमत नाही. म्हणजे उधारी सांगता येते म्हणून शाळेतलं गणित आपोआप येईल असं नाही. ते शिकवावंच लागेल. पण डोक्यात आकड्यांची समज आहे, याचा तो पुरावा आहे, आणि शिकवणाऱ्याला पाय रोवायला तीच जागा आहे.

आकडे उलटे लिहितो म्हणालात. किती उलटे, ते पाहावं लागेल. ३ हा आकडाच आरशातल्यासारखा लिहीत असेल तर वेगळी गोष्ट. पण ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहीत असेल, तर तो ऐकलं तसं लिहितोय: तीन आधी ऐकू आले, तीन आधी लिहिले. मराठी संख्यानामांचा हा गुंता आहेच. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी जोड दिली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता, आठवत असेल. त्या वादात कोण बरोबर हे बाजूला ठेवा; पण ज्या मुलाला इंग्रजीत ‘सिक्स्टी थ्री’ आणि मराठीत ‘त्रेसष्ट’ एकाच वर्षी शिकायचंय, त्याचा गोंधळ हे मंदपणाचं लक्षण धरता येत नाही.

मग बिनभाषेची चाचणी घ्या, असं बरेच जण सुचवतात. आकृत्यांची, ज्यात रिकामी जागा भरायची असते. मीही ती घेते. जॉन रेव्हन यांनी १९३० च्या दशकात तयार केलेली चाचणी सगळ्यांत प्रसिद्ध. सूचना खुणेनं देता येतात, म्हणून भाषेचा अडसर खूपच कमी होतो. पण ती संस्कृतीच्या पलीकडे आहे असं मानू नका. जगभर पिढ्यान्‌पिढ्या बुद्धिमापनाचे गुण वाढत गेले, दर दहा वर्षांत साधारण तीन, असं जेम्स फ्लिन या संशोधकांनी दाखवलं, आणि सर्वांत जास्त वाढ याच आकृत्यांच्या चाचण्यांत होती. माणसाचा मेंदू काही तीस वर्षांत बदलत नाही. शाळा, कागद, चित्रं, कोडी यांची सवय वाढली. ज्या घरात चित्रांचं पुस्तक नाही तिथलं लेकरू त्या कागदाकडे आधी कागद म्हणून बघतं. फ्लिन यांच्या शोधाचा उलटा अर्थही प्रामाणिकपणे सांगायला हवा. चाचणीची मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी ताडून पाहतात ते गुण, जितकी जुनी, तितके आजच्या मुलाला गुण जरा सैल हातानं मिळतात. आपल्याकडची मानकं बरीच जुनी आहेत. त्यामुळे ‘चाचणी जुनी, म्हणून माझ्या मुलाला कमी गुण पडले’ हा युक्तिवाद तेवढासा टिकत नाही. भाषेचा आणि बुडलेल्या शाळेचा टिकतो.

बुद्ध्यांक वाढतो का, याचं उत्तर याच ओघात येतं. सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार शाळेच्या दर वर्षामागे बुद्ध्यांकात साधारण १ ते ५ गुणांची भर पडते. तुमच्या भाच्याची दोन वर्षं अर्धीअर्धी गेली. ती भरून निघताना आकडा वर सरकणं शक्य आहे. किती, ते कोणी सांगू नये. आणि बाजारात बुद्ध्यांक वाढवणारी सिरप, गोळ्या आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग आहेत, त्यांवर पैसा घालू नका, हे मी हात जोडून सांगते.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. म्हणून आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर मी तुमच्याशी खोटं वागले असं होईल.

तुमच्या प्रश्नात मधेच दोन वाक्यं आहेत, जणू किरकोळ असल्यासारखी: तान्हा असताना तापात एकदा झटका आला होता, आणि तो तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. याशिवाय पावसाळ्यात कान फुटतो. ही वाक्यं मला आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटतात. तापातला साधा झटका लहानपणी बऱ्याच मुलांना येतो आणि पुढे काही होत नाही. उशिरा बोलणं मात्र नोंद घेण्यासारखं आहे, आणि ते गोरमाटीतही उशिरा असेल तर त्याचा दोष शाळेच्या भाषेवर टाकता येत नाही. कान वारंवार फुटत असेल तर ऐकू कमी येत असण्याची दाट शक्यता. अर्धवट ऐकू येणारं लेकरू शेवटच्या बाकावर बसलं की हुबेहूब मंद दिसतं.

काही वर्षांपूर्वी एक चौदा वर्षांचा मुलगा आणला होता. घरचे सांगत होते, पोरगा हुशार आहे, हरिपाठ तोंडपाठ आहे, शाळेलाच शिकवता येत नाही. आणि खरंच, त्यानं माझ्यासमोर एकही अडखळ न घेता अभंगांमागून अभंग म्हटले. मग मी पन्नासची नोट हातात दिली आणि म्हटलं, तीस रुपयांचं तेल आण, किती परत आणशील? तो नोटेकडे बघत राहिला. एकटा कधी दुकानात गेलाच नव्हता. शर्टाची बटणं आई लावायची. सहा वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी तपासणीचा सल्ला दिला होता, तो घरच्यांनी मनावर घेतला नव्हता. त्या आठ वर्षांत त्याला पैसे मोजायला, एसटीनं एकटं जायला, स्वतःचं आवरायला शिकवता आलं असतं. पाठांतर चांगलं म्हणजे समज चांगली असं नसतं, हे मी त्या आईला सांगत होते आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

म्हणूनच आजच्या व्याख्येत केवळ आकड्यावर बौद्धिक अक्षमता ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दोन गोष्टी जोडीनं लागतात: शिकण्या-समजण्यात लक्षणीय मर्यादा, आणि रोजच्या वागण्यात-व्यवहारात लक्षणीय मर्यादा. दुसरी तपासायला वेगळी मोजणी असते, सामाजिक परिपक्वतेची. ती मुलाला प्रश्न विचारून नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला विचारून करतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ती आहे का? नसेल तर ते निदान अर्धंच झालेलं आहे.

तोवर तुम्ही घरीच लक्ष ठेवा. अंघोळ, कपडे, बटणं, चप्पल उजवी-डावी तो स्वतः करतो का. दुकानातून दोन वस्तू आणि बरोबर मोड आणतो का. काल काय झालं ते गोरमाटीत सांगताना आधी काय, नंतर काय हे नीट लागतं का. खेळताना स्वतःच्या वयाच्या पोरांत असतो की कायम लहानांत. खेळाचा नियम बदलला तर दोन डावांत त्याला कळतं का. तांड्यावर त्याच्या वयाची, त्याच्यासारखीच फडावर वाढलेली इतर पोरं आहेत. त्यांच्या मानानं तो कसा आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. आणि त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा त्याची याडी, म्हणजे आई, अचूक देईल. शेरडं राखतो म्हणालात, तर एकटा राखतो की मोठ्या पोरांच्या मागे फिरतो, हेही तिलाच माहीत असणार.

शिवाय तिसरी एक शक्यता आहे. बुद्धी ठीक, पण वाचन-लेखनाचीच अडचण, जिला अध्ययन अक्षमता म्हणतात. तीही त्याच कायद्यात आहे. पण ती ठरवायला मुलाला त्या भाषेत नीट शिकवलं गेलेलं असावं लागतं. तुमच्या भाच्याला सलग एक वर्षही अजून मिळालेलं नाही, त्यामुळे आज ते लेबल लावायलाही घाई करू नये.

म्हणजे आत्तापर्यंत: आकडा शंकास्पद आहे, कारण भाषा, बुडलेली शाळा आणि कदाचित कान. पण काळजीचं कारण पूर्ण गेलेलं नाही, कारण उशिरा फुटलेलं बोलणं. दोन्ही एकत्र धरून पुढे जायचं.

सुरुवात कानापासून करा, आणि बरोबर डोळेही. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आवर्जून मागा. कान वाहत असेल तर आधी तो उपचार. आलेखात कमी ऐकू येतंय असं दिसलं तर सध्याचा बुद्ध्यांक बाजूला ठेवूनच द्या.

मग रिपोर्ट देणाऱ्यांना भेटा किंवा फोन करा. भांडायला नको. विचारा: चाचणी कोणती, सूचना कोणत्या भाषेत दिल्या, शाब्दिक आणि कृती भागांचे गुण वेगवेगळे किती? दोन्हींत पंधरा-वीस गुणांचा फरक असेल आणि शाब्दिक खाली असेल तर एकत्र केलेल्या ६६ ला फारसा अर्थ राहत नाही. दोन्ही सारखेच खाली असतील तर मात्र गांभीर्यानं घ्या. तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक रिपोर्टवर असायला हवा, तोही पाहा. चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही.

तीच चाचणी लगेच पुन्हा करू नका. सरावानं गुण फुगतात आणि खरं काय ते आणखी झाकलं जातं. निदान सहा महिने, शक्यतो वर्ष जाऊ द्या. पुढच्या वेळी गोरमाटी येणारं माणूस बरोबर न्या, पण ते तुम्ही नसावं. मामाचा जीव उत्तर सुचवल्यावाचून राहत नाही, हा माझा अनुभव आहे. तांड्यावरची एखादी शिक्षिका, अंगणवाडी ताई असेल तर उत्तम.

आणि तपासणाऱ्यांना विनंती करा की शिकवून बघा. मी असं करते: ठोकळ्यांचं एक चित्र मुलाला जमलं नाही, तर नेहमीची चाचणी पूर्ण झाल्यावर तेच पुन्हा मांडते. चित्राचे चार भाग बोटानं दाखवते, एक ठोकळा मी ठेवते, उरलेले त्याला ठेवायला सांगते. मग नवं चित्र देते, मदत न करता. एका इशाऱ्यावर जो मुलगा पुढच्या चित्रात स्वतः बोटानं भाग पाडतो, त्याला शिकवलं तर येतं. जो दहा वेळा दाखवूनही पुढच्या चित्रात पहिल्यापासून सुरू करतो, त्याला दीर्घ मदत लागेल. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की म्हणत की मुलाला आज एकट्याला काय जमतं याइतकंच, थोड्या मदतीनं काय जमतं ते महत्त्वाचं. माझ्या कामात या वीस मिनिटांनी जितकं सांगितलंय तितकं आकड्यानं क्वचित सांगितलं.

शाळेचं म्हणाल तर आज काढू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. निदान पक्कं झालं तरी दिव्यांग हक्क कायद्यानं जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, ही निवड तुमच्या बाजूची आहे, शाळेच्या नव्हे. खाजगी रिपोर्ट म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रही नव्हे, ते सरकारी रुग्णालयातूनच मिळतं. माध्यमाबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: सेमी-इंग्रजीऐवजी मराठी माध्यमाची जिल्हा परिषद शाळा, आणि तिथे गोरमाटी समजणारे गुरुजी असतील तर तीच. मला माहीत आहे, तुम्ही पदरमोड करून त्या शाळेत घातलंय आणि हे ऐकायला जड जाईल. पण एक भाषा कमी केली तर त्याला दम घ्यायला जागा मिळेल. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना अर्ज देऊन ठेवा.

तुम्ही लिहिलंय की घरातली पोरं त्याला ‘सहासष्ट’ म्हणून हाक मारायला लागलीत, आणि परवा तोच तुम्हाला म्हणाला, मी सहासष्ट आहे ना मामा? बाकी सगळं वेळ घेऊन करा, हे मात्र आजच थांबवा. रिपोर्ट कपाटात ठेवून द्या, पोरांना समोर बसवून एकदाच ठाम सांगा. आणि त्याला सांगताना ‘तू हुशार आहेस’ असं नुसतं म्हणू नका, त्याला ते खोटं वाटेल, वर्गात रोज उलट अनुभव येतोय. त्याऐवजी सांगा की चाचणी घेणाऱ्यांनी बहुतेक तुला नीट न येणाऱ्या भाषेत विचारलं होतं, आपण कान तपासून, नीट शिकून पुन्हा जाऊ. आठवड्याचा किराणा आणायचं काम त्याच्याकडे द्या, हिशोब त्यानं सांगायचा, तुम्ही वहीत लिहायचा, महिनाभरानं लिहायचं कामही हळूहळू त्याच्याकडे जाऊ द्या.

बहिणीला मात्र आत्ता फडावरून बोलावून घेऊ नका. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक माणूस निघालं तर कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, मोडतो, आणि या तपासणीत इतकी घाई नाही. पाडव्याला ते परतले की तिला घेऊन जा. तो कधी बसला, कधी चालला, पहिला शब्द कोणता आणि कधी बोलला, झटका आला तेव्हा ताप किती दिवस होता, हे तिच्याकडून ऐकल्याशिवाय कोणत्याही तज्ज्ञानं निदानावर सही करू नये. तोवर कानाचा रिपोर्ट हातात आलेला असू द्या.